डायलिसिसचे वार आणि मधले दिवस

(महासंघाच्या वार्षिक मेळाव्यात करी रोड, मुंबई येथील बचत गटाच्या एका सदस्य ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्यांच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही.)



मेळाव्याचा निरोप आला तेव्हा मी पहिल्यांदा वार विचारला. सोमवार, बुधवार, शुक्रवार मला कुठंच जाता येत नाही. ते माझे डायलिसिसचे वार, गेली सहा वर्षं. मेळावा शनिवारी आहे म्हणाल्या, म्हणून आले. एक खुर्ची मात्र जवळ ठेवायला सांगितली आहे. पाय भरून आले तर बसून बोलेन, राग मानू नका.

मी करी रोडला चाळीत राहते. वडील गिरणीत कामाला होते, आई घरी खानावळ चालवायची. मध्य रेल्वेवर चिंचपोकळी आणि परळ यांच्या मधलं आमचं स्टेशन. करी रोड तुम्हाला ठाऊक नसेल, पण परळ नक्की ठाऊक असेल. केईएम, टाटा, वाडिया, सगळी मोठी इस्पितळं तिथंच. गावाकडून रिपोर्टांची पिशवी छातीशी धरून माणूस येतं आणि आमच्याकडे उतरतं. आमच्या चाळीत असं घर शोधावं लागेल, जिथं कधी गावचा पेशंट राहिला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं आणि आठवा पेशंट! त्यामुळे आजारपण आम्ही लहानपणापासून बघत आलो.

केईएम १९२६ सालापासून आहे. आपल्या देशात माणसाच्या किडनीचं पहिलं प्रत्यारोपण १९६५ साली तिथंच झालं. ते टिकलं नाही, पुढं १९७१ मध्ये वेल्लोरला यश आलं. आणि भारतातल्या पहिल्या बाई किडनीतज्ज्ञ, डॉ. विद्या आचार्य, त्याही केईएमच्याच. माझ्या आईला हाच आजार होता, तेव्हापासून ही नावं घरात ऐकलेली आहेत.

हो, आईलाही होता. आमच्या घराण्यात किडनीत पाण्याच्या गाठी होतात. त्या वर्षानुवर्षं वाढत जातात आणि किडनीचं काम हळूहळू बंद पडतं. आईबापातल्या एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. मला आला, धाकट्या भावाला आला, बहिणीला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आजारी बाईला पहिला प्रश्न विचारला जातो तो 'काय खाल्लंस, काय केलंस' हाच. मी काही केलेलं नाही. कुणाची बाधा नाही, कुणाचा शाप नाही.

पण आपल्यात बहुतेकींची किडनी खराब होते ती साखरेनं आणि रक्तदाबानं. आणि ती दुखत नाही हो! कंबर दुखली की आपण घाबरतो, पण बिघडत चाललेली किडनी बहुतेक वेळा गप्प असते. पाय सुजतात, तोंडावर सूज येते, दम लागतो, अन्नाचा वास नको होतो, तोवर बरंच गेलेलं असतं. म्हणून ज्यांना साखर किंवा बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा दोन तपासण्या करायच्याच: लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन. त्यासाठी मुंबईला यावं लागत नाही, आशाताईंना विचारा. आणि अंगदुखीवर दुकानातून आणून रोज गोळी घ्यायची सवय असेल तर ती मोडा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीला मारतात. ज्या भस्मात काय आहे ते देणाराही सांगत नाही, ते तर नकोच.

आता डायलिसिसबद्दल. सशक्त किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. रात्रंदिवस, न सांगता. ते काम थांबलं की मशीननं करावं लागतं. एका सुईनं रक्त बाहेर काढायचं, गाळणीतून न्यायचं, दुसऱ्या सुईनं परत अंगात. चार तास. आठवड्यातून तीनदा, काहींचं दोनदा. सुई टोचताना दुखतं, खोटं कशाला सांगू. पण सहा महिन्यांनी सुईची भीती राहत नाही. राहते ती तहान.

तहानेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. माझी लघवी आता अगदी थोडी होते. जे पिईन ते अंगात साठतं. डॉक्टरांनी मला दिवसाला एक लिटर ठरवून दिलंय. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळ्या गिळायचं पाणीही आलं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन किलोच्या वर वाढलं की ते वाढलेलं पाणी मशीन ओढून काढतं, आणि मग पायात असे गोळे येतात की माणूस ओरडतं. त्याहून जास्त साठलं तर छातीत पाणी, झोपता येत नाही, रात्रभर बसून काढायची. मे महिन्यात, पत्र्याच्या पोटमाळ्याखाली, हे निभावणं सोपं नाही.

तर मी काय करते? सकाळी एक लिटरची बाटली भरते. जे काही प्यायचं ते तेवढंच त्या बाटलीतून ओतून द्यायचं. चहा घेतला, कपभर पाणी बाटलीतून कमी. संध्याकाळी बाटलीकडे बघितलं की हिशेब समोर. आपल्या गटाचं पासबुक असतं ना, तसंच. पेला लहान ठेवायचा, चहाच्या कपाएवढा. तोंड कोरडं पडलं की चूळ भरायची, गिळायचं नाही. एक लवंग तोंडात धरायची, नाहीतर बर्फाचा एक खडा. आणि खरी मेख मिठात आहे. मीठ कमी केलं की तहान आपोआप कमी होते. लोणचं, पापड, सुकं बोंबील बंद. आमच्या लालबागेत चिवडा गल्ली आहे, तिथून जाताना मी पदर नाकाला लावते, असं माझी मुलगी सगळ्यांना सांगते! शेंदेलोणही मीठच आहे. आणि बाजारात 'कमी सोडियमचं' म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, ते तर आमच्यासाठी घातकच.

एक मात्र लक्षात ठेवा, पाणी कमी पिण्याचा हा नियम माझा आहे. किडनीच्या प्रत्येक पेशंटनं पाणी तोडायचं नसतं. ज्याचं त्याचं माप डॉक्टर लघवी बघून ठरवतात.

पोटॅशियम म्हणाले ना, ते काय ते सांगते. फळं, भाज्या, सुकामेवा यांत ते असतं. चांगल्या माणसाची किडनी जास्तीचं बाहेर टाकते, आमची टाकत नाही. ते रक्तात फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, आधी काही कळतही नाही. नारळपाणी, केळं, मोसंबीचा रस, बटाटा, टोमॅटो, पालक, खजूर. आता ही यादी परत वाचा आणि उपवासाचं ताट आठवा. रताळं, बटाटा, शेंगदाणे, केळं, खजूर! आपला उपवासाचा फराळ म्हणजे आमच्यासाठी पोटॅशियमचं ताट. श्रावणात, नवरात्रात डायलिसिसच्या बायकांची तब्येत बिघडते ती बरेचदा यानंच. मी उपवास सोडले. देवाला सांगितलं, माझा आठवड्यातून तीन वार उपास चाललाय, मांडून घे. सासूबाईंना पटायला वर्ष लागलं.

भाजी खाता येते, पण बारीक चिरून कोमट पाण्यात दोन तास ठेवायची, ते पाणी टाकायचं, मग भरपूर पाण्यात शिजवून तेही टाकायचं. चव जाते. मग फोडणीत लसूण, मिरची, आमचा घरचा मसाला, पण मीठ नाममात्र. आणखी एक फळ सांगते, पाच कडांचं, आंबटगोड, काप केले की चांदणी दिसते. कोकणातल्या बायकांच्या परसात असतं. किडनीच्या पेशंटला ते एक फोडही देऊ नका, मेंदूवर परिणाम होतो.

आणि एक गोष्ट बायकांच्या बाबतीत फार उलटी होते. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टर डाळ, अंडी, मासे कमी करायला सांगतात. सुरू झाल्यावर उलट असतं, मशीनमधून प्रथिनं जातात म्हणून ती जास्त खावी लागतात. पण घरात पहिलाच नियम पाठ झालेला असतो. त्यात आपण शेवटी जेवणार, उरलंसुरलं घेणार. बाई वाळत जाते आणि घरचे म्हणतात, आजारच तसा. आजार तसा नाही, तिच्या ताटात अंडं नाही.

आता हा माझा डावा हात बघा. यात बांगडी नाही. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून देतात, त्याला फिस्टुला म्हणतात. हात लावलात तर आत लांबवर पिठाची चक्की चालू असावी तशी थरथर लागेल. रोज सकाळी उठले की मी आधी ती बघते. थांबली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. या हाताला बीपीचा पट्टा नको, सुई नको, हंडा नको, उशाखाली हात घेऊन झोपायचं नाही, घट्ट बांगडी नको. काढल्या मी.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले. एका बाईंनी कुंकवाचं बोट पुढं केलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि थांबल्या. बोलल्या काहीच नाहीत. त्या क्षणी मला जे वाटलं ते सुईनं कधी वाटलं नाही. सासूबाई शेजारी होत्या. म्हणाल्या, "तो हात औषधाचा आहे तिचा, बांगड्या उजव्या हातात बघा." उपवासावरून माझ्याशी भांडलेल्याच त्या सासूबाई. (बांगडी नाही म्हणून कुंकू नाही, ही रीतच आपण मोडायला हवी, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय.)

मनाचं असं असतं. पहिलं वर्ष राग येतो. सगळ्यांवर, धडधाकट माणसांवर जास्त. मग लाज येते. चेहरा काळवंडतो, केस गळतात, अंगाला खाज सुटते, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही, आणि हे कुणाशी बोलायचं? मग ओझं. आपण घराला ओझं झालो. हे ओझं पुरुष पेशंटलाही वाटत असेल, पण त्याच्या शेजारी बायको डबा घेऊन बसलेली असते. बाई पेशंट बहुतेक एकटी येते आणि घड्याळाकडे बघत असते, घरी जाऊन भाकरी टाकायच्या असतात.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक ताई यायच्या, कर्जतच्या पुढच्या गावातून. माझ्याहून लहान. त्यांचं डायलिसिस योजनेतून होतं, एक रुपया लागत नव्हता. पण चक्कर यायची म्हणून नवरा सोबत यायचा, आणि त्याचे आठवड्याला तीन रोज बुडायचे. मुलगी बारावीला होती. एका सोमवारी त्या आल्या नाहीत, बुधवारीही नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "बरं वाटतंय आता, जरा दिवस थांबते." बरं वाटत नव्हतं, मुलीच्या फीचा महिना होता. तिसऱ्या आठवड्यात दिराचा फोन आला. त्या गेल्या.

हे मी तुम्हाला रडवायला सांगत नाही. हिशेब बघा. मशीन फुकट, औषधं बरीचशी फुकट. कमी पडलं ते सोबतीचं माणूस. त्यांच्या गावात बचत गट होता, त्या त्याच्या सदस्य होत्या. दहा बायकांनी आळीपाळीनं सोबत केली असती तर एकीवर महिन्यातून एक-दोन फेऱ्या आल्या असत्या. पण त्यांनी गटात आजार सांगितलाच नव्हता. का नव्हता, याचा विचार तुमच्या मासिक बैठकीत करा.

आमच्या गटात काय केलं ते सांगते. बैठक शुक्रवारी असायची, ती रविवारी घेतली. नाहीतर माझी दर वेळी गैरहजेरी आणि वर दंड! आम्ही उन्हाळ्यात मसाला करून विकतो. मिरच्या निवडणं, डंकावर पोती नेणं मला आता जमत नाही, म्हणून मला वह्या दिल्या. उजवा हात मोकळा असतो, चार तास मशीनवर मी जमाखर्च लिहिते. नर्सबाई म्हणतात, तुमचं रक्त इकडे गाळतंय आणि आकडे तिकडे. डायलिसिस झाल्यावर दोन तास मी मेल्यागत पडते, त्या संध्याकाळचा स्वयंपाक शेजारच्या दोघी वाटून घेतात. पैशाची मदत नाही मागितली मी. १९७५ साली याच गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी माझ्या आईसारख्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराला तारण द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं, एकमेकींचा शब्द होता. आजारपणातही तोच चालतो.

पैशाचं मात्र आधी विचारायचं, दागिने नंतर मोडायचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं आणि प्रत्यारोपणही येतं. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटायचं. त्यांचा फोन १५५३८८. २०१६ पासून केंद्राचा डायलिसिस कार्यक्रम आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात दारिद्र्यरेषेखालच्या पेशंटला डायलिसिस मोफत आहे. म्हणजे सगळ्यांनी परळला धावायचं कारण नाही. रेल्वेत पेशंट आणि सोबत्याला सवलत आहे, एसटीचं आगारात विचारा. गाव फारच आडबाजूला असेल तर पोटातलं डायलिसिस घरी करता येतं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मायक्रोफायनान्सचं कर्ज आजारपणासाठी उचलू नका. पहिल्या महिन्याच्या प्रवासाला गटाचं अंतर्गत कर्ज पुरतं.

किडनी बसवण्याबद्दल बायका मला हळूच विचारतात. मला देणारं घरात कुणी नाही. आई गेली, भावाला आजार आहे, बहिणीचा आणि नवऱ्याचा रक्तगट जुळत नाही. मुंबईच्या प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत नाव आहे. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या घरच्यांनी होकार दिला तर किडनी मिळते. फोन रात्रीही चालू ठेवते. अजून वाजला नाही.

आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त. २०१८ साली महिला दिन आणि जागतिक किडनी दिन एकाच तारखेला आले होते, ८ मार्चला, तेव्हा हा विषय बराच बोलला गेला. आईनं मुलाला द्यावी, बायकोनं नवऱ्याला द्यावी, मी अडवणार नाही. तपासण्या नीट झाल्या तर एका किडनीवर माणूस चांगलं जगतं, फक्त दरवर्षी तपासणी लागते. पण घरात सून आजारी असेल तेव्हा 'कोण देणार' हा प्रश्न तेवढ्याच मोठ्यानं विचारला जातो का? आणि १९९४ चा कायदा आहे, दात्याची मर्जी विचारली जाते. मनात नसेल तर तिथं 'नाही' म्हणता येतं.

माझी मुलगी आता एकवीस वर्षांची आहे. तिची सोनोग्राफी करायची की नाही यावर आमच्या घरी वर्षभर चर्चा चालली होती. मला भीती वाटायची, तिला नव्हती. गेल्या महिन्यात ती स्वतःच जाऊन करून आली. रिपोर्ट काय आला ते तिचं तिनं सांगायचं, मी इथं सांगणार नाही. एवढंच सांगते की ती आता दर सहा महिन्यांनी बीपी मोजते आणि मीठ माझ्याएवढंच खाते.

फार जड वाटायला लागलं, जगू नये असं वाटलं, तर १४४१६ हा सरकारी फोन आहे, टेलिमानस. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आमच्या हॉलमध्ये तो नंबर भिंतीवर लिहिलेला आहे आणि लोक खरंच लावतात.

पाय भरून आले, आता बसते. पण मघाशी मागच्या रांगेतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे की डायलिसिसच्या पेशंटला भेटायला जाताना काय न्यावं. शहाळं नेऊ नका, फळांची करंडी नेऊ नका. सफरचंद चालेल, एक. दोन उकडलेली अंडी न्या, मीठ न लावता. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका, मधल्या दिवशी सकाळी जा. तिच्यासमोर गटागटा पाणी पिऊ नका. आणि जाताना तिच्या घरातला एक हंडा भरून ठेवून या.